घर आणि परिसर : वस्ती उभी राहण्यापूर्वी

घर घेताना आपण खोल्या मोजतो, स्वयंपाकघराचा ओटा कोणत्या बाजूस आहे ते पाहतो, पाणी किती वेळ येते याची चौकशी करतो. उंबरठ्याबाहेर जे लागते त्याची चौकशी मात्र क्वचितच होते. आवार, रस्ता, झाडे आणि शेजारच्या इमारतीची सावली यांचा विचार आपल्या मनात बहुधा राहावयास गेल्यानंतरच येतो. वस्तुतः मुलांचे खेळणे, वडीलधाऱ्यांचे उन्हाला बसणे आणि शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलणे हे सारे याच जागेत घडते. ही जागा कशी असावी हे केव्हा आणि कशाच्या आधारे ठरते, याचा विचार आज या सदरात करावयाचा आहे. त्यासाठी आपल्याला थोडा वेळ दिल्लीस जावे लागेल.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त देशाच्या सर्व भागांतून कुटुंबे राजधानीत आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. दक्षिण दिल्लीत त्यांच्यासाठी सरोजिनी नगर, नेताजी नगर, नवरोजी नगर अशा वसाहती वसविण्यात आल्या. बैठी किंवा एकदोन मजल्यांची घरे, पुढे हिरवळीचा चौक आणि रस्त्याच्या दुतर्फा कडुनिंब, जांभूळ, पिंपळ यांसारखी झाडे, असे या वसाहतींचे रूप होते. पुढे घरे जुनी झाली, गळू लागली. कर्मचारी वाढले आणि निवासस्थानांसाठी प्रतीक्षायादी लांबत गेली. तेव्हा जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अशा सात वसाहतींच्या पुनर्विकासास मान्यता दिली. १२,९७० जुन्या घरांच्या जागी सुमारे २५,६६७ नवी घरे बांधावयाची, असा तो संकल्प होता.

घरांची गरज खरी होती. पण २०१८ च्या जूनमध्ये या कामासाठी हजारो वृक्ष तोडले जाणार असल्याचे लोकांच्या ध्यानात आले आणि रहिवासी रस्त्यावर उतरले. झाडांना मिठी मारून उभे राहिलेल्या आबालवृद्धांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, वृक्षतोडीस स्थगिती मिळाली आणि झाडे वाचतील अशा रीतीने आराखडे पुन्हा तपासण्याचे सरकारला जाहीर करावे लागले. तोवर काही झाडे पडलीही होती. पुढे काम झाले. जानेवारी २०२५ मध्ये सरोजिनी नगरातील अडीच हजारांहून अधिक नव्या निवासस्थानांचे व नवरोजी नगरातील व्यापारी संकुलाचे उद्घाटन झाले.

या प्रकरणात कोण बरोबर आणि कोण चूक, याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. ज्याला घर हवे त्याचीही बाजू खरी होती आणि ज्याला झाड हवे त्याचीही. आपण ध्यानात घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. आराखडा पुन्हा तपासण्याची वेळ आली ती कुऱ्हाड पडू लागल्यावर. कागदावरची रेघ पुसण्यास रबर पुरते. पन्नास-साठ वर्षांचे झाड एकदा पडले की पुन्हा उभे राहत नाही. म्हणून निरनिराळे पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचे काम रेघेच्या अवस्थेतच व्हावयास हवे.

हे काम वास्तुशिल्पी पूर्वीपासून करीत आले आहेत. पुठ्ठा, लाकूड किंवा प्लॅस्टर यांची लहानशी प्रतिकृती करावयाची, तिच्यावर दिव्याचा झोत निरनिराळ्या कोनांतून टाकावयाचा आणि सावली कोठे पडते ते पाहावयाचे. चार्ल्स कोरिया यांनी १९७५ ते १९७८ या काळात दिल्लीत उभारलेले 'तारा अपार्टमेंट्स' किंवा राज रेवाल यांनी १९८२ च्या आशियाई खेळांसाठी रचलेले क्रीडाग्राम पाहावे. एकाने घरांच्या रांगांमध्ये सावलीचा चौक ठेवला, तर दुसऱ्याने सुमारे सातशे घरे अरुंद, छायेच्या गल्ल्यांभोवती गुंफली. दोन्ही ठिकाणी उंच मनोरे नाहीत. तरी थोड्या जागेत पुष्कळ कुटुंबे सामावली आहेत. घर ही भोवतालच्या उन्हावाऱ्याशी जुळवून घ्यावयाची गोष्ट आहे, ही दृष्टी त्यामागे होती.

आज पुठ्ठ्याची जागा संगणकाने घेतली आहे. ड्रोन किंवा विमानातून लेसर किरण सोडून जमिनीचा चढउतार, इमारतींची उंची आणि झाडांचा विस्तार मोजता येतो. या मोजमापांवरून त्या भूखंडाची हुबेहूब प्रतिकृती संगणकात तयार होते. तिच्यात त्या गावचा सूर्य वर्षाच्या कोणत्याही दिवशी, कोणत्याही घटकेस उगविता येतो. वारा सोडता येतो, पाऊस पाडता येतो. मग त्याच जमिनीवर एकामागून एक निरनिराळे आराखडे ठेवून कोणत्या रचनेत काय मिळते आणि काय जाते, याचा हिशेब मांडता येतो.

येथे एक सावधगिरीची सूचना. गृहप्रकल्पाच्या माहितीपत्रकातील झगझगीत चित्रही संगणकावरच काढलेले असते, पण ते चित्र असते; त्यात हिशेब नसतो. त्यात नुकतेच लावलेले रोप वीस वर्षांच्या वृक्षाएवढे दिसते आणि डिसेंबरातही आवारात ऊन खेळत असते. आपण बोलत आहोत ती प्रतिकृती निराळी. तिला प्रश्न विचारता येतो आणि ती आकड्यात उत्तर देते.

हा हिशेब कसा चालतो हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, दिल्लीत चार हेक्टर, म्हणजे ४०,००० चौरस मीटर जमीन आहे. तीवर १,००० घरे बांधावयाची असून प्रत्येक घरामागे १०० चौरस मीटर बांधकाम धरले आहे. पहिला पर्याय पाच मजली इमारतींचा. त्यात निम्मी जमीन इमारतींखाली जाईल आणि २०,००० चौरस मीटर मोकळी राहील. दुसरा पर्याय वीस मजली मनोऱ्यांचा. त्यात इमारतींखाली अवघी ५,००० चौरस मीटर जाऊन ३५,००० मोकळी राहील. तिसरा आठ मजली इमारती चौकांभोवती रचण्याचा. त्यात २७,५०० चौरस मीटर मोकळी राहील. आपण म्हणाल, मग प्रश्नच उरला नाही. उंच मनोरे बांधावे, खाली बाग फुलवावी. सभेत नकाशा भिंतीवर लावला की बहुतेकांचे असेच मत होते, कारण त्या नकाशावर हिरवा रंग सर्वांत अधिक दिसतो.

आता प्रतिकृतीला सावलीचा प्रश्न विचारू. २२ डिसेंबरच्या सुमारास दिल्लीत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून केवळ ३८ अंश वर असतो. मजल्यास तीन मीटर धरले तर पाच मजली इमारतीची सावली तेव्हा सुमारे १९ मीटर लांब पडेल, आठ मजली इमारतीची ३१ मीटर आणि वीस मजली मनोऱ्याची ७७ मीटर. सकाळ-संध्याकाळी ती याहून कितीतरी लांबेल. दिल्लीच्या थंडीत दुपारचे ऊन म्हणजे काय, हे तेथे एक हिवाळा काढलेल्या माणसास सांगावे लागत नाही. आजीबाईंनी खाट टाकावयाची, मुलांनी धडा वाचावयाचा, गृहिणीने मटार सोलीत बसावयाचे, ते सारे त्या उन्हात. मनोऱ्यांत अंतर पुरेसे नसेल तर हिरव्या रंगाने दाखविलेल्या त्या बागेत नेमके हेच ऊन नसेल. उलट जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर, ८५ अंशांवर येतो. तेव्हा इमारती मध्यान्ही फारशी सावली देत नाहीत. ती द्यावयाची असते झाडांनी.

आणि झाडांना हवी असते माती. येथे हिशेबाला दुसरे वळण लागते. मोटारी कोठे उभ्या करावयाच्या? दिल्लीच्या २०२१ पर्यंतच्या महायोजनेत एका मोटारीसाठी उघड्यावर २३ आणि तळघरात ३२ चौरस मीटर जागा धरलेली आहे. घरटी एकच मोटार मानली तरी आपल्या वस्तीत १,००० मोटारी झाल्या. त्या एकाच मजल्याच्या तळघरात ठेवावयाच्या तर ३२,००० चौरस मीटर, म्हणजे सबंध भूखंडाचा चार-पंचमांश भाग खणावा लागेल. मनोऱ्यांभोवती दिसणारी बाग मग बागच राहील, पण तिच्याखाली माती नव्हे, काँक्रीटचे छत असेल. त्यावर हिरवळ आणि लहानसहान झुडपे वाढतील. कडुनिंब वाढणार नाही. तळघर दोन मजली केले तर मनोऱ्यांच्या पर्यायात २४,००० चौरस मीटर खरीखुरी माती वाचते. चौकांच्या पर्यायात इमारतींखालीच दोन मजली तळघर घेऊन उरलेल्या मोटारी उघड्यावर ठेवल्या, तर सुमारे २२,५०० वाचते. अंतर्गत रस्ते यात धरलेले नाहीत. नकाशावर ३५,००० आणि २७,५०० असे दिसणारे अंतर जमिनीखाली डोकावताच जवळजवळ मिटले. पाच मजल्यांच्या पर्यायात इमारतींखाली एकमजली तळघर घेतले आणि बाकीच्या मोटारी बाहेर ठेवल्या तर माती साडेअकरा हजारांपर्यंतच राहते. म्हणजे ठेंगण्या इमारती नेहमीच निसर्गाला धार्जिण्या असतात, हा समजही टिकत नाही.

आता मोटारी निम्म्या करून पाहा. मेट्रोचे स्थानक पायी जाण्याच्या अंतरावर असेल, वाटेवर सावली असेल, दुकान, शाळा व दवाखाना जवळ असतील, तर हे अशक्य नाही. तसे झाले तर तिसऱ्या पर्यायातील सर्व मोटारी इमारतींच्याच तळघरांत मावतात आणि उरलेली सबंध जमीन माती म्हणून राहू शकते. वस्तीत किती झाडे राहतील हा प्रश्न माळ्याचा वाटतो, पण त्याचे उत्तर पुष्कळदा वस्तीपासून स्थानकापर्यंतच्या पायवाटेत दडलेले असते. अशा दूरदूरच्या गोष्टींचे धागे एकत्र दिसावेत, हाच प्रतिकृतीचा खरा उपयोग होय.

पावसाचेही तसेच. २८ जून २०२४ रोजी संपलेल्या चोवीस तासांत दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत २२८.१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेवढा पाऊस आपल्या चार हेक्टरांवर पडला तर ९१ लाख लिटर पाणी होते. त्यातले किती माती पिऊन टाकील, किती टाक्यांत साठेल आणि किती एकदम रस्त्यावर धावून शेजारच्या सखल वस्तीत शिरेल, हे प्रत्येक पर्यायात निराळे असते. आपल्या आवारात पाणी तुंबले नाही म्हणून आपण समाधान मानावे आणि ते खालच्या वस्तीतील कोणाच्या चुलीपर्यंत पोहोचावे, याला चांगली रचना म्हणता येणार नाही. म्हणून प्रतिकृतीची सीमा आपल्या कुंपणाशी थांबता कामा नये.

अशा तुलनेची सवय काही देशांनी लावून घेतली आहे. सिंगापूरचे गृहनिर्माण मंडळ पुंगोलसारख्या वसाहती आखताना वाऱ्याचे मार्ग आणि उन्हाची तीव्रता संगणकावर तपासून इमारतींच्या जागा ठरविते. हेलसिंकी नगरीने कालासातामा या भागाची संगणकीय प्रतिकृती केली आहे. आपल्याकडेही पाया घातला गेला आहे. हरित इमारतींचे मूल्यमापन करणारी 'गृह' ही भारतीय पद्धती २००७ पासून अमलात आहे. घरांच्या भिंती व खिडक्या यांतून उष्णता किती आत यावी याची मर्यादा घालणारी 'इको निवास संहिता' २०१८ मध्ये आली. दिल्लीसारख्या हवामानात घराच्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान साडेबारा टक्के इतका भाग उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचा असावा, असे ती सांगते. डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणाने २०३५ पर्यंत देशातील प्रमुख शहरांच्या संगणकीय प्रतिकृती तयार करण्याचे उद्दिष्ट समोर ठेवले आहे.

तथापि, साधन हाती आले म्हणजे शहाणपण आपोआप येते असे नाही. प्रतिकृती तेवढेच मोजते, जेवढे तिच्यात घातलेले असते. सर्वेक्षणात ज्या झाडाची नोंद झाली नाही, ते झाड संगणकाच्या लेखी नाहीच. मग ते वाचविण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. घरटी दोन मोटारी धरल्या तर एक उत्तर येते, अर्धी मोटार धरली तर दुसरे. शिवाय कित्येक गोष्टी आकड्यात बसतच नाहीत. चाळीस वर्षांचा शेजार तुटल्यावर वृद्ध स्त्रीस काय वाटेल, आवाराच्या कडेला भाजीची गाडी लावणाऱ्याने कोठे जावे, कपडे इस्त्री करणाऱ्याला सावली कोणती, हे यंत्र आपण होऊन विचारणार नाही. ते माणसांनीच विचारले पाहिजे.

हा केवळ दिल्लीचा प्रश्न आहे असे समजू नका. मुंबई, ठाणे, पुणे येथील किती सहकारी गृहसंस्था सध्या पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहेत ! आपल्या संस्थेच्या सभेत वाढीव चटईक्षेत्र किती आणि भाडे किती, यांवर चर्चा रंगते. तिच्यात आणखी काही प्रश्नांची भर घाला. आमच्यापुढे एकच आराखडा का? दुसरे कोणते पर्याय तपासले आणि ते कोणत्या कारणाने सोडले? नकाशावर जेथे हिरवा रंग आहे तेथे खाली माती आहे की तळघर? आज उभे असलेले प्रत्येक झाड प्रतिकृतीत आहे काय? रोपे लावली त्या वर्षी आवार कसे दिसेल आणि वीस वर्षांनी कसे? डिसेंबरातील दुपारी ऊन कोठवर येईल? मोठ्या पावसाचे पाणी कोणाच्या दारी जाईल? या प्रश्नांना कोणी तंत्रज्ञानाच्या अवघड भाषेत उत्तर देऊ लागला, तर नम्रपणे सांगावे की आम्हाला सावली मीटरमध्ये आणि पाणी लिटरमध्ये सांगा. ज्याने खरोखर हिशेब केला आहे, त्याला ते सहज सांगता येते.

संगणकाचा पडताळा घेण्यासाठी आपल्याला संगणकाची गरजही नाही. एक मीटर लांबीची सरळ काठी २२ डिसेंबरच्या सुमारास मोकळ्या आवारात उभी रोवा. दिल्लीत सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान तिची सावली सर्वांत आखूड होईल आणि ती सुमारे १ मीटर २८ सेंटिमीटर भरेल. पुणे दक्षिणेस असल्यामुळे तेथे सूर्य अधिक वर चढतो. तेथे हीच सावली सुमारे ९० सेंटिमीटर भरेल. नियोजित इमारतीची उंची या आकड्याने गुणा. तिची सावली कोठवर पोहोचेल ते आपल्याला आणि आपल्या मुलांनाही आवारात पावले टाकून पाहता येईल. मुलांकडून आवारातील झाडांची नोंदही करून घ्या. झाडाचे नाव, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर आणि कुंपणापासूनचे अंतर, एवढे पुरे. ती वही संस्थेच्या सभेत टेबलावर ठेवा आणि तज्ज्ञांच्या प्रतिकृतीशी ताडून पाहण्याचा आग्रह धरा. त्यात एखादे झाड गळलेले आढळले, तर ते त्याच दिवशी नोंदवून घ्या.